पाकिटाची कातडी: प्लाझ्मा दिलेलं प्लास्टिक तपासतात कसं?

(या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेच उडवलेत.)



आजचा प्रश्न किराणा दुकानातला आहे. तेलाची पिशवी घ्या आणि तिच्यावरची तारीख अंगठ्याने घासा. काही पिशव्यांवर ती ढिम्म हलत नाही, काहींवर दोन घासण्यांत अंगठा काळा होतो. आपण म्हणतो, "शाई फालतू आहे." असेलही. पण बऱ्याचदा शाई ठीक असते, प्लास्टिकही ठीक असतं. गडबड असते ती प्लास्टिकच्या सगळ्यात वरच्या पापुद्र्यात. आणि तो पापुद्रा इतका पातळ असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो वेगळा दिसतसुद्धा नाही.

विषय छोटा वाटेल, पण लातूरकडे बघा. तूरडाळ आणि सोयाबीन यांवर चालणारी बाजारपेठ. डाळ, तेल, सोयावडी हे सगळं आज पाकिटातून विकलं जातं. पाकिटावर एमआरपी, वजन, तारीख वाचता येईल अशीच हवी, हे २०११ च्या वैधमापन नियमांमध्ये लिहिलेलं आहे. अक्षर पुसलं गेलं तर दंडाची भीती पॅकिंग करणाऱ्याला आणि दुकानदाराला, आणि फसवणुकीची भीती तुम्हा-आम्हाला. पाकिटाचे थर सुटले तर ओल आत जाते, माल खराब होतो. म्हणून आज या पापुद्र्याबद्दल बोलू: तो बनवतात कसा, तपासतात कसा, आणि तपासणी आपल्याला कुठे गंडवू शकते.

प्लास्टिकला शाई का नको असते?

दुधाची, तेलाची पिशवी पॉलिथिनची असते. पॉलिथिन म्हणजे कार्बनची लांबच लांब साखळी, आणि तिला चिकटलेले हायड्रोजन. बस. ऑक्सिजन नाही, नायट्रोजन नाही. शाईच्या किंवा पाण्याच्या रेणूला धरायला तिथे हातच नाही. म्हणून पाणी तिथे पसरत नाही, थेंब होऊन बसतं.

याचं मोजमाप आहे "सरफेस एनर्जी". कारखान्यात ते डाइनमध्ये सांगतात. पॉलिथिनचा आकडा ३१ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनचा ३० च्या आसपास, पेटचा ४३ च्या आसपास. पाण्याचा स्वतःचा ताण ७२. ढोबळ नियम असा की द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर तो नीट पसरतो. छपाईसाठी साधारण ३८ ते ४२ डाइन मागतात. म्हणजे पॉलिथिन जन्मतःच नापास.

मग त्याला पास कसं करायचं? विजेने.

कोरोना, पण तो नव्हे

या तंत्राचं नावच "कोरोना ट्रीटमेंट" आहे. २०२० मध्ये या मशीनवाल्यांनी किती विनोद सहन केले असतील, विचार करा. १९५१ साली डेन्मार्कच्या व्हर्नर आयस्बी या इंजिनियरने ते आणलं. फिल्म एका रोलवरून पळत असते, वर थोड्या अंतरावर इलेक्ट्रोड. दोघांमध्ये हजारो व्होल्ट. मधली हवा फुटते, जांभळट उजेड दिसतो, ओझोनचा उग्र वास येतो. तो उजेड म्हणजे प्लाझ्मा: वायूचे रेणू तुटून तयार झालेलं इलेक्ट्रॉन, आयन आणि अर्धवट तुटलेल्या रेणूंचं मिश्रण. मृगाच्या आधी आपल्याकडे कडाडते ती वीज प्लाझ्मा, जुन्या ट्यूबलाइटच्या आत असतो तोही प्लाझ्मा.

हे कण फिल्मवर आदळले की कार्बन-हायड्रोजनचे बंध तुटतात आणि रिकाम्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. पॉलिथिनला हात फुटले! शाईला आता धरायला जागा मिळाली.

आणि हे सगळं किती खोल? फार तर दहा-वीस नॅनोमीटर. पाकिटात वापरतात ती पेट फिल्म १२ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे १२,००० नॅनोमीटर. ती फिल्म वाढवून चार मजली, १२ मीटर उंच इमारत केली, तर आपला हा पापुद्रा गच्चीवरचा एक-दोन सेंटीमीटरचा गिलावा. इमारत तीच, फक्त गिलावा बदलला. पण शाईचा संबंध गिलाव्याशीच येतो. आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच: फिल्म म्हणजे एक वस्तू आणि तिचा पृष्ठभाग म्हणजे दुसरीच वस्तू. दोघांची तपासणी वेगळी करावी लागते.

डाइन पेन: पटकन कळतं, पण अर्धंच कळतं

छापखान्यात तपासणी कशी करतात? डाइन पेनने. ठरावीक ताणाच्या द्रवाची रेघ ओढायची. दोन सेकंद रेघ सलग राहिली तर पास, तिचे थेंब झाले तर नापास. शिवाय टेप टेस्ट: छापलेल्या जागेवर चिकटपट्टी दाबायची आणि झटक्यात ओढायची. स्वस्त, झटपट, कामाचं.

पण पेन "किती" एवढंच सांगतं, "का" ते सांगत नाही. आणि तीन ठिकाणी ते चांगलंच फसवतं.

पहिली फसवणूक, वयाची. प्लाझ्मा दिलेला पृष्ठभाग कायम तसा राहत नाही. प्लास्टिकच्या साखळ्या हळूहळू हलतात आणि ऑक्सिजनवाले हात आतल्या बाजूला वळतात. उष्णता जास्त तर हे लवकर होतं. आता डोळ्यासमोर आणा, मे महिना, पारा चाळीशीपार, पत्र्याचं गोदाम आणि आत फिल्मचे रोल. कारखान्यातून निघताना ४२ होतं, ते छापायच्या वेळी ४२ च असेल हे गृहीत धरू नका.

दुसरी, आतून येणाऱ्या तेलकटपणाची. फिल्म मशीनवर सरकावी म्हणून तिच्यात एरुकामाइडसारखे पदार्थ मिसळतात. ते काही दिवसांत आतून वर येतात आणि गिलाव्यावर मेणासारखा थर धरतात. ट्रीटमेंट खाली तशीच आहे, पण शाईची गाठ पडते मेणाशी.

तिसरी सगळ्यात बेरकी: जास्त ट्रीटमेंट. "३८ ने चालतं ना, मग ५० करा, पक्कंच बसेल." नाही बसत, राव! जास्त मारा केला की साखळ्यांचे बारीक तुकडे पडतात. त्या तुकड्यांवर ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे डाइनचा आकडा मस्त येतो. पण ते खालच्या प्लास्टिकला नीट बांधलेले नसतात. धुळीने भरलेल्या भिंतीवर रंग दिल्यासारखं होतं. रंग धुळीला चिकटतो, आणि धूळ भिंत सोडते. पेन म्हणतं पास, टेप म्हणते नापास.

तिन्ही ठिकाणी उपाय वेगळा. पहिल्यात छपाईआधी पुन्हा ट्रीटमेंट, दुसऱ्यात फिल्मचं मिश्रण बदलायचं, तिसऱ्यात पॉवर कमी करायची. चुकीचं कारण पकडलं तर पैसा आणि माल दोन्ही जातं. म्हणून "का" कळायला हवं.

एक्सपीएस: सुट्ट्या पैशांचा हिशोब

"का" सांगणारं यंत्र म्हणजे एक्सपीएस. पूर्ण अर्थ: क्ष-किरण मारून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणं. स्वीडनच्या काई सीगबान यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९८१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. त्यांच्या वडिलांनाही, मान सीगबान यांना, १९२४ चं नोबेल क्ष-किरणांच्याच कामासाठी मिळालं होतं. घरचाच धंदा म्हणायचा.

तत्त्व एकदम दुकानदारीचं आहे. तुम्ही ५०० ची नोट दिली, दुकानदाराने २१५ परत दिले. वस्तू केवढ्याची? २८५ ची. इथे नोट म्हणजे क्ष-किरणाची ऊर्जा. ॲल्युमिनियमचा स्रोत असेल तर १४८६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनकडे साधारण १२०१.६ उरले. यंत्राची छोटी वजावट धरून फरक २८५. आणि २८५ हा भाव आहे पॉलिथिनमधल्या कार्बनचा. ऑक्सिजनचा भाव ५३२ च्या आसपास, नायट्रोजनचा ४०० च्या आसपास. भाव बघून मूलद्रव्य ओळखायचं.

खरी मजा पुढे आहे. एकाच कार्बनचा भाव त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असतो. ऑक्सिजन शेजारचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्याच्या शेजारच्या कार्बनमधून इलेक्ट्रॉन काढणं महाग पडतं. ऑक्सिजनशी एकेरी बंध असेल तर भाव साधारण २८६.५, दुहेरी बंध असेल तर २८८ च्या आसपास, आणि एकाच कार्बनवर दोन ऑक्सिजन, म्हणजे ॲसिड किंवा एस्टर, असतील तर २८९ च्या आसपास. म्हणजे ऑक्सिजन आला एवढंच कळत नाही, तो कोणत्या रूपात बसलाय तेही कळतं.

आता प्रश्न: क्ष-किरण तर फिल्ममध्ये खोलवर जातात, मग माहिती फक्त वरच्या दहा नॅनोमीटरचीच कशी मिळते? माळेगावची यात्रा आठवा. गर्दीच्या कडेला उभा असलेला माणूस खिशातले सगळे पैसे घेऊन बाहेर पडतो. मधोमध अडकलेला माणूस बाहेर येईपर्यंत वाटेत खर्च करतच येतो. इलेक्ट्रॉनचंही तेच. खोलातला इलेक्ट्रॉन धक्के खात ऊर्जा गमावतो, आणि मग त्याच्या शिलकीवरून मूळ भाव काढता येत नाही. हिशोब जुळतो तो फक्त कडेच्या मंडळींचा.

म्हणून आपल्या तिन्ही फसवणुकी इथे उघड्या पडतात. शुद्ध पॉलिथिनमध्ये फक्त कार्बन दिसायला हवा, कारण हायड्रोजन एक्सपीएसला दिसतच नाही. त्यामुळे जो काही ऑक्सिजन दिसेल तो ट्रीटमेंटचा किंवा बाहेरून आलेल्या कशाचा तरी. काही आठवड्यांनी तोच तुकडा पुन्हा तपासला आणि ऑक्सिजन घटला, तर प्रश्न वयाचा. नायट्रोजन डोकावला तर एरुकामाइडचा संशय, कारण त्याच्या एका रेणूत २२ कार्बन, एक ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन असतो. आणि जास्त ट्रीटमेंट पकडायची युक्ती तर फारच देशी आहे: फिल्म पाण्याने धुवा आणि धुण्याआधीचा व नंतरचा ऑक्सिजन मोजा. धुतल्यावर तो झपकन कमी झाला तर समजायचं, ती धूळ होती, गिलावा नव्हता.

इथे माझ्या धंद्याचा विषय येतो

मी सॉफ्टवेअरवाला. मला या सगळ्यात सगळ्यात ओळखीची वाटली ती एक्सपीएसची शेवटची पायरी: कर्व्ह फिटिंग. यंत्र तुम्हाला वेगवेगळे चार भाव छापून देत नाही. ते एक जाडजूड, एकात एक मिसळलेलं टेकाड देतं. त्याच्या आत किती छोटी टेकाडं लपलीत हे माणूस ठरवतो आणि सॉफ्टवेअर ती बसवून देतं.

ज्यांनी मशीन लर्निंग केलंय त्यांना धोका कळला असेल: ओव्हरफिटिंग. पाच टेकाडं घाला, फिट छान. आठ घाला, अजून छान. पण ती आठ टेकाडं खरी आहेत का? आलेख सुंदर दिसला म्हणजे रसायनशास्त्र बरोबर आलं असं नसतं.

शिस्त कशी पाळायची? ज्याचं उत्तर आधी माहीत आहे त्यावर पद्धत तपासायची. आपला युनिट टेस्टच! पेट घ्या. तिच्या प्रत्येक घटकात १० कार्बन आणि ४ ऑक्सिजन, म्हणजे ७१.४ टक्के कार्बन आणि २८.६ टक्के ऑक्सिजन यायला हवा. आणि १० कार्बनची वाटणी ६, २, २: सहा २८५ च्या जवळ, दोन २८६.५ ला, दोन २८९ ला. स्वच्छ पेटवर हे प्रमाण येत नसेल तर तुमच्या प्लाझ्मावाल्या नमुन्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवायचा नाही.

अजून एक भानगड. प्लास्टिक वीज वाहून नेत नाही. इलेक्ट्रॉन निघून गेले की पृष्ठभाग धन होतो आणि सगळे भाव एकदम सरकतात. म्हणून यंत्र कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन परत शिंपडतं, आणि मग साध्या कार्बनचं टेकाड २८५.० वर ठेवून बाकीचे आकडे वाचले जातात. हा शून्य कुठे धरला हे ज्या अहवालात लिहिलेलं नाही, तो अहवाल अर्धवट समजा.

एकट्या यंत्रावर भिस्त नको

एक्सपीएसलाही मर्यादा आहेत. एकेरी बंधाचा कार्बन २८६.५ ला दिसतो, पण ते अल्कोहोल आहे की इथर, हे तिथे वेगळं करणं अवघड. मग टॅग लावतात: फक्त अल्कोहोलच्या गटाला चिकटणारं एक फ्लोरिनवालं रसायन वाफेने द्यायचं आणि फ्लोरिन मोजायचा. दर गटामागे तीन फ्लोरिन, त्यामुळे मोजणं सोपं. डेटाबेसमध्ये फ्लॅग लावून काउंट घेतो ना, तसंच.

टॉफ-सिम्स नावाचं यंत्र वरच्या एक-दोन नॅनोमीटरमधले रेणूंचे तुकडे उडवून त्यांचं वजन करतं. एरुकामाइडसारख्या पाहुण्याला ते नावानिशी ओळखू शकतं. उलट कॉलेजांमध्ये सहज मिळणारं इन्फ्रारेड यंत्र नेहमीच्या पद्धतीने मायक्रॉनच्या आसपास खोल बघतं. म्हणजे गिलावा तपासायला जावं आणि इमारतीचाच मोठा भाग मोजून यावं. तिथे "काही बदल दिसला नाही" असं उत्तर आलं, तर बदल झालाच नाही असं म्हणता येत नाही.

प्लाझ्माने थर चढवणं: तुमच्या फोनपर्यंत

आतापर्यंत आपण असलेला पृष्ठभाग बदलला. प्लाझ्माने नवा थरही चढवता येतो. पोकळी केलेल्या डब्यात एखाद्या द्रवाची वाफ सोडायची, प्लाझ्मा पेटवायचा. वाफेचे रेणू तुटतात आणि समोरच्या वस्तूवर पुन्हा जुळून नॅनोमीटरच्या हिशोबाचा थर धरतात.

ब्रिटनच्या पी२आय कंपनीने याच तऱ्हेने फ्लोरिनवाला थर इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर चढवायचं तंत्र विकलं आणि मोटोरोलाच्या फोनमध्ये ते वापरलं गेलं. पाण्याचे शिंतोडे आत गेले तरी थेंब होऊन घरंगळतात. इथेही तपासणी एक्सपीएसनेच होते. दोन फ्लोरिनवाल्या कार्बनचा भाव २९२ च्या आसपास, तीनवाल्याचा २९४ च्या आसपास. ही टेकाडं ठसठशीत असतील तर मूळ साखळी शाबूत आहे. प्लाझ्मा फार जोरात दिला तर साखळी फुटते आणि टेकाडं एकमेकांत मिसळून जातात. म्हणून प्लाझ्मा चालू-बंद, चालू-बंद करत देतात. या फ्लोरिनवाल्या रसायनांची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: ती निसर्गात सहजासहजी तुटत नाहीत, त्यामुळे जगभर त्यांच्यावर बंधनं वाढतायत.

पाकिटाकडे परत येऊ. एचएमडीएसओ नावाचं एक सिलिकॉनवालं द्रव आहे. त्याच्या रेणूत दोन सिलिकॉन, सहा कार्बन, एक ऑक्सिजन. त्याची वाफ एकटी दिली तर थर रबरासारखा, पाणी झटकणारा होतो. सोबत भरपूर ऑक्सिजन दिला तर कार्बन जळून जातो आणि जवळपास काचेचा थर उरतो. ही काच हवा आणि ओल अडवते आणि आरपार दिसते. एक्सपीएसमध्ये दोन गोष्टी बघायच्या: कार्बन किती उरला, आणि एका सिलिकॉनमागे ऑक्सिजन दोनच्या किती जवळ गेला. दोन म्हणजे काच. नाव एकच, द्रव एकच, मशीन एकच, पण वायूचं प्रमाण बदललं की वस्तू दुसरीच. लेबलवर "सिलिकॉन कोटिंग" लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कळत नाही.

याचा आपल्याला फायदा? आजची बरीच पाकिटं दोन-तीन वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवून करतात आणि म्हणून ती रिसायकल करणं अवघड. एकाच प्लास्टिकवर असा नॅनोमीटरचा थर दिला, तर पाकीट जवळपास एकाच मालाचं राहतं. ही दिशा आशेची आहे, पण थर सलग बसला आणि दुमडल्यावर तडकला नाही तरच.

हे आपल्याकडे कुठे होतं?

माटुंग्याच्या आयसीटीमध्ये, म्हणजे जुन्या यूडीसीटीमध्ये, यावर बरंच काम झालंय. तिथल्या आर. आर. देशमुख आणि एन. व्ही. भट यांचा २००३ मधला शोधनिबंध नेमका आपल्या विषयावर आहे: प्लाझ्मा दिलेल्या पेट फिल्मवर शाई आणि चिकटपणा का वाढतो. याच संस्थेचं मराठवाडा केंद्र आता जालन्यात आहे. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने हेच तंत्र अंगोरा लोकरीला लावलं, कारण तिचे गुळगुळीत तंतू कापडातून निसटतात.

एक्सपीएस यंत्र महाग, त्याला पोकळीही जबरदस्त लागते. प्रत्येक कॉलेजात ते असणार नाही. पण विद्यापीठांतल्या संशोधकांसाठी इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र आहे, आयआयटी मुंबईत सुविधा आहे. नांदेडच्या विद्यापीठात किंवा एसजीजीएसमध्ये शिकणाऱ्या पोराने नमुना नीट तयार करून पाठवला, तर विश्लेषण त्याला आपल्या लॅपटॉपवरही करता येतं. त्यात पायथन लागतं, शंका घेण्याची सवय लागते, आणि सीमा ओलांडून दुसऱ्या विषयात डोकवायची हिंमत लागते.

आणि सुरुवातीला यंत्रही लागत नाही. एक सिरिंज, फोनचा कॅमेरा, मागे पांढरा कागद आणि उजेड. धुऊन वाळवलेल्या पिशवीच्या आतल्या आणि बाहेरच्या कोऱ्या भागावर पाण्याचा थेंब ठेवा, कॅमेरा थेंबाच्या पातळीला आणून आडवा फोटो काढा आणि थेंबाचा कोन मोजा. १८०५ साली थॉमस यंग यांनी मांडलेलं तत्त्व हेच. ट्रीटमेंट नसलेल्या पॉलिथिनवर कोन साधारण ९५ ते १०५ अंश, ट्रीटमेंट असेल तर बराच कमी. एका जागी निदान पाच थेंब, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. पिशवीला हात लावू नका, बोटाचा तेलकटपणासुद्धा दहा नॅनोमीटरपेक्षा जाड असू शकतो.

पॅकिंगच्या धंद्यात तुमचे काका-मामा असतील तर त्यांना तीन प्रश्न विचारायला सांगा. फिल्मवर ट्रीटमेंट कोणत्या तारखेला झाली? कोणत्या बाजूला झाली? आणि डाइनचा आकडा कारखान्यातला आहे की आज मोजलेला? या तीन प्रश्नांना पैसे लागत नाहीत, आणि पुष्कळ रोल छापायच्या आधीच वाचतात.

आजच्यापुरतं एवढंच. थेंबांचे फोटो काढलेत तर पाठवा, पुढच्या भागात आपण फोटोवरून कोन काढणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहू. भेटू मग!